वृद्धांतील जलशीर्ष

मेंदूतील विवरांत (पोकळ्यांत) मस्तिष्क-मेरुद्रव वाजवीपेक्षा अधिक साचून ती विवरे विस्फारणे, या विकृतीस जलशीर्ष म्हणतात. अर्भकांच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्यामुळे त्यांचे डोके मोठे होते व रोग सहज दृष्टीस पडतो. प्रौढाची कवटी बंद असते; तिच्या आकारात काहीच फरक न पडता मेंदू आतून दाबला जातो. साधारणतः साठीनंतर आढळणाऱ्या एका प्रकारात कटिवेधनाने (कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून) मोजलेला द्रवाचा दाब प्रसामान्य मर्यादेतच असतो, म्हणून त्यास प्रसामान्यदाब जलशीर्ष असे नाव मिळाले आहे. येथे मुख्यत्वे याच प्रकाराची माहिती दिली आहे. बुद्धिभ्रंशाच्या ज्या मोजक्या कारणांवर शस्त्रक्रियेने इलाज करता येतो त्यांपैकी हे एक होय. परंतु लक्षणे वार्धक्याचीच समजली गेल्यामुळे ते पुष्कळदा ओळखलेच जात नाही. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथील वृद्धांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत संभाव्य रोग्यांचे प्रमाण ७० ते ७९ वर्षांच्या वयोगटात ०·२%, तर ८० वर्षांवरील गटात सु. ६% आढळले.

मस्तिष्क-मेरुद्रव मुख्यतः विवरांतील केशवाहिन्यांच्या झालरीसारख्या जालकात तयार होतो. प्रौढात एका वेळी सु. १५० मिलि. द्रव असतो व दिवसाकाठी सु. ५०० मिलि. नवा निर्माण होतो. म्हणजे सर्व द्रव दिवसातून तीनेक वेळा बदलला जातो. विवरांतून बाहेर पडून तो मेंदू व मेरुरज्जू यांभोवती पसरतो आणि अखेरीस रक्तात शोषला जातो. मस्तिष्कावरणशोथ, डोक्यास झालेली इजा किंवा मेंदूभोवतीचा रक्तस्राव यांनंतर शोषणाचे मार्ग बुजून जलशीर्ष उद्‌भवू शकते. भारतात क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. वृद्धांत मात्र बहुधा असे कोणतेही पूर्वकारण सापडत नाही.

या विकाराची ओळख कोलंबियातील बोगोटा येथील मेंदू-शल्यचिकित्सक सालोमोन हाकिम (१९२२–२०११) यांनी करून दिली. मोटार अपघातानंतर बेशुद्धावस्थेत राहिलेल्या १६ वर्षांच्या एका मुलाची विवरे त्यांना १९५७ मध्ये विस्फारलेली आढळली, पण द्रवाचा दाब वाढलेला नव्हता. तपासणीसाठी थोडा द्रव काढला असता मुलात अनपेक्षित सुधारणा दिसली. हाकिम यांनी १९६४ मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि १९६५ मध्ये बॉस्टन येथील रेमंड ॲडम्स प्रभृतींबरोबर हे निष्कर्ष इंग्रजीतून प्रसिद्ध केले. दाब प्रसामान्य असूनही मेंदूस इजा का व्हावी, याचे त्यांनी दिलेले उत्तर पास्काल यांच्या नियमावर आधारलेले होते : बल म्हणजे दाब व क्षेत्रफळ यांचा गुणाकार, म्हणून एकदा मोठ्या झालेल्या विवराच्या भिंतीवर तोच दाब अधिक बल देतो. हे स्पष्टीकरण आज अपुरे वाटते. दीर्घकाळ मापन केल्यास, विशेषतः झोपेत, दाबाच्या लाटा अनेक रोग्यांत आढळतात. तेव्हा रोगाचे नावही तंतोतंत खरे नाही.

लक्षणे : चालण्यातील बिघाड, लघवीवरील ताबा सुटणे व बुद्धिमांद्य ही तीन लक्षणे प्रमुख असली, तरी ती एकाच वेळी व सारख्या प्रमाणात दिसत नाहीत. बहुधा चाल प्रथम बिघडते, आणि निदानाच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे. रोगी पाय फाकवून, आखूड पावले टाकीत, तळवे जमिनीवरून घासत चालतो. पाय जमिनीस चिकटल्यासारखे वाटतात. वळताना अनेक लहान पावले टाकावी लागतात, उंबरठ्यापाशी तो अडखळतो व वारंवार पडतो. पायांत शक्ती मात्र असते : निजलेल्या स्थितीत तोच रोगी सायकल चालविल्यासारखे पाय हलवून दाखवू शकतो. लघवीची घाई होणे हे पुढचे लक्षण. मानसिक बदलांत विस्मरणापेक्षा मंदपणा, निरुत्साह व कामाची आखणी न जमणे हे अधिक ठळक असते.

कंपवातातही पावले आखूड पडतात. पण त्यात हातांचे झोके कमी होतात, कंप असू शकतो आणि लेव्होडोपाने बहुधा आराम पडतो. आल्त्सहायमर रोगात स्मृती आधी जाते व चाल बराच काळ टिकते. हे तिन्ही विकार उतारवयातील असल्याने एकाच व्यक्तीत दोन असणेही शक्य असते.

निदान : सी. टी. स्कॅन वा एम. आर. आय. चित्रात विवरे मोठी दिसतात. केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते, कारण वयोमानाने मेंदू आक्रसल्यानेही ती मोठी होतात. जलशीर्षात मेंदूच्या माथ्याकडील खाचा दाटलेल्या व बाजूच्या खाचा रुंदावलेल्या दिसणे ही उपयुक्त खूण होय. यानंतर कटिवेधनाने ३० ते ५० मिलि. द्रव काढून, त्यापूर्वी व नंतर रोग्याची चाल ठरावीक अंतरावर घड्याळ लावून मोजतात. वेग स्पष्टपणे वाढला, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याचा संभव मोठा असतो. न वाढल्यास तो नाहीच असे मात्र म्हणता येत नाही. अशा वेळी दोन-तीन दिवस बारीक नळीने द्रव वाहू देऊन पुन्हा पाहतात.

उपचार : टिकाऊ गुण देणारे औषध उपलब्ध नाही. विवरात बसविलेली नळी कानामागून, मान व छाती यांच्या त्वचेखालून उदरात नेऊन जादा द्रव तेथे सोडतात. प्रवाह एकाच दिशेने व ठरावीक दाबास व्हावा म्हणून नळीत झडप असते. झडपेचा दाब बाहेरून चुंबकाने बदलता येत असल्याने पुन्हा छेद घ्यावा लागत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९९ रोग्यांवर ही शस्त्रक्रिया करून काहींची झडप आरंभी जवळजवळ बंद ठेवली होती. तीन महिन्यांनी झडप उघडी असलेल्यांचा चालण्याचा वेग सेकंदास सरासरी ०·२३ मी. वाढला, तर इतरांचा जेमतेम ०·०३ मी. बुद्धी व लघवी यांबाबत मात्र तेवढ्या काळात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. चाल सर्वाधिक सुधारते व स्मृतीबाबत फारशी आशा धरता येत नाही, ही कल्पना कुटुंबीयांना शस्त्रक्रियेपूर्वीच दिलेली बरी.

जंतुसंसर्ग, नळी तुंबणे आणि द्रव अतिरेकाने वाहून गेल्यास मेंदू व त्याचे आवरण यांच्या दरम्यान रक्त साचणे, हे मुख्य धोके होत. यांपैकी शेवटचा धोका झडपेचा दाब वाढवून पुष्कळदा टाळता येतो. काही झडपांचा दाब एम. आर. आय. यंत्राच्या चुंबकाने आपोआप बदलतो, म्हणून त्या तपासणीनंतर तो पडताळून घ्यावा लागतो. सुधारलेली चाल काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा बिघडल्यास वय झाले असे न समजता प्रथम नळी तपासतात. ती तुंबलेली आढळल्यास बदलल्यावर चाल पुन्हा सुधारू शकते.