‘वाक्यात उपयोग’ आणि ‘स्वमत’

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ‘पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा’ ही कृती असंख्य वेळा केलेली असते आणि त्याच प्रश्नपत्रिकेत, थोडे पुढे गेल्यावर, वाचलेल्या उताऱ्याविषयी स्वतःचे मत कारणांसह मांडायला लावणारा ‘स्वमत’ हा प्रश्नही सोडवलेला असतो; परंतु या दोन कृतींचे गुण वेगळे, त्यांची तयारी वेगळी, आणि एकीचा दुसरीशी काही संबंध असावा असे ना विद्यार्थ्याला वाटते ना बहुतेकदा शिक्षकाला. नवा शब्द स्मरणात कसा राहतो याविषयी मानसशास्त्राने गेल्या अर्धशतकात जे प्रयोग केले, ते एकत्र ठेवून पाहिले असता या दोन प्रश्नांमधली भिंत अनाठायी आहे असे दिसते, कारण शब्द पक्का होण्यासाठी ज्या मानसिक क्रिया लागतात त्या साध्या वाक्यापेक्षा मत मांडणाऱ्या वाक्यात अधिक घडतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा राहत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा, एटापल्ली, भामरागड या भागांत गोंडी आणि माडिया बोलली जाते, सिरोंच्याकडे तेलुगू ऐकू येते, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली कुटुंबे वसलेली आहेत, आणि जिथे घरची भाषा मराठी आहे तिथेही ती बहुधा झाडीबोली असते. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा असल्यामुळे, ज्या मुलासाठी गाव म्हणजे ‘नार’ आणि पाणी म्हणजे ‘येर’, त्याला पाठ्यपुस्तकातील मराठी जवळजवळ अथपासून शिकावी लागते. झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला बांधी (धानाचे खाचर), बोडी (लहान तळे), पऱ्हे (धानाची रोपे), रोवणा (धानाची लावणी) हे सारे शब्द चांगले ठाऊक असतात, परंतु ‘सिंचन’, ‘जलसंधारण’, ‘लागवडयोग्य’ हे शब्द त्याच्यासाठीही परकेच असतात. या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या नव्या शब्दांची संख्या शहरी मुलांच्या मानाने कितीतरी मोठी असल्याने, शब्द शिकवण्याची कोणती रीत खरोखर उपयोगी पडते हे येथे नेमके कळायला हवे.

वाक्यात उपयोग करण्याच्या रूढ पद्धतीतील उणीव एका सोप्या कसोटीने ध्यानात येते. ‘संवर्धन’ या शब्दासाठी ‘त्यांनी संवर्धन केले’ असे वाक्य लिहिले, तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि त्याला गुणही मिळतात, परंतु त्यातून ‘संवर्धन’ काढून तिथे ‘संशोधन’, ‘संकलन’ किंवा ‘संपादन’ ठेवले तरी वाक्याला धक्का लागत नाही, म्हणजेच ते वाक्य लिहिताना विद्यार्थ्याला शब्दाच्या अर्थाशी काहीही देणेघेणे ठेवावे लागले नाही. आता हे दुसरे वाक्य पाहावे: ‘मोहफुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवणे संवर्धनाच्या विरुद्ध आहे, कारण त्या आगीत मोहाची लहान रोपेही जळतात.’ येथे ‘संवर्धन’ काढून दुसरा शब्द बसवता येत नाही. शब्द सर्व बाजूंनी अर्थाने जखडलेला आहे, आणि जखडणारी प्रत्येक कडी लिहिणाऱ्याच्या अनुभवातून आलेली आहे.

हा फरक स्मरणाच्या दृष्टीने का महत्त्वाचा आहे, याचा पहिला ठोस आधार फर्गस क्रेक आणि एंडेल टुल्व्हिंग यांच्या १९७५ मधील प्रयोगांतून मिळतो. त्यांनी सहभागी व्यक्तींना एकेक शब्द दाखवून कधी त्याच्या अक्षरांच्या ठेवणीविषयी, कधी यमकाविषयी, तर कधी तो अमुक वाक्यात बसतो का, असे प्रश्न विचारले. पुढे शब्द आठवावे लागतील याची कल्पना सुरुवातीच्या प्रयोगांत कोणालाही दिलेली नव्हती, आणि तरीही नंतरच्या चाचणीत अर्थाविषयीच्या प्रश्नाला सामोरे गेलेले शब्द इतरांच्या मानाने फार अधिक ओळखले गेले, त्यातही वाक्य जितके भरीव तितका शब्द अधिक आठवला. मनाने शब्दावर केलेल्या अशा अर्थाच्या कामाला ‘सखोल संस्करण’ म्हणतात. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, रॉजर्स, कायपर आणि कर्कर यांनी त्यात आणखी एक पायरी जोडली: ‘हे विशेषण तुम्हाला लागू पडते का?’ असा प्रश्न विचारला असता शब्द नुसत्या अर्थाच्या प्रश्नापेक्षाही अधिक स्मरणात राहतो, आणि या परिणामाला ‘स्वसंदर्भ परिणाम’ असे नाव मिळाले. १९७८ मध्ये स्लामेका आणि ग्राफ यांनी दाखवले की आयता वाचलेला शब्द जितका टिकतो त्याहून स्वतः तयार केलेला शब्द अधिक टिकतो. १९८७ मध्ये मायकेल प्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एखादे विधान नुसते वाचण्याऐवजी ‘असे का?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतः शोधायला लावले, तेव्हाही स्मरण लक्षणीय वाढले. अर्थ, स्वतःशी संबंध, स्वनिर्मिती आणि कारणमीमांसा या चार गोष्टी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासल्या गेल्या, परंतु ‘माझ्या मते अमुक योग्य आहे, कारण…’ अशी सुरुवात असलेल्या एकाच वाक्यात त्या चारही एकत्र येतात.

याविरुद्ध, केवळ शब्दकोश हाती देऊन वाक्ये लिहायला लावली तर काय होते, याचे जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ मध्ये मांडलेले निरीक्षण शब्दशिक्षणाच्या साऱ्या संशोधनात कदाचित सर्वांत बोलके आहे. झीज होणे या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदाची शब्दकोशातील व्याख्या ‘खाऊन टाकणे’ याला जवळची होती, आणि तेच शब्द इंग्रजीत बाहेर जेवायला जाण्यासाठीही वापरतात. एका मुलाने ती व्याख्या प्रामाणिकपणे वाचून, आपले कुटुंब वारंवार ‘झिजते’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले. त्या मुलाची बुद्धी कुठेही कमी पडलेली नाही. व्याख्येतील ओळखीचा तुकडा उचलून, त्याभोवती वाक्य रचून, मग तिथे नवा शब्द ठेवणे ही अत्यंत तर्कशुद्ध रीत आहे, फक्त तिच्यात शब्द ज्या जगात राहतो ते जग नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात ते जग मुलाच्या दाराशी असते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील कोणत्याही गावात वाघाविषयी मत नसलेला माणूस सापडणे कठीण आहे, आणि ‘अधिवास’, ‘भ्रमणमार्ग’, ‘पुनर्वसन’, ‘नुकसानभरपाई’ हे शब्द वर्तमानपत्रात, वनखात्याच्या फलकावर आणि पंचनाम्याच्या कागदावर सतत दिसतात. त्यांतील ‘अधिवास’ हा शब्द तर विशेष विचार करण्याजोगा आहे, कारण जीवशास्त्राच्या पुस्तकात तो प्राण्याच्या नैसर्गिक वसतिस्थानासाठी येतो आणि तहसील कार्यालयातील दाखल्यावर माणसाच्या कायम वास्तव्यासाठी. एखाद्या विद्यार्थ्याने ‘वाघाचा अधिवास राखायचा असेल तर जंगलालगतच्या गावाचा अधिवासही तितक्याच गांभीर्याने मोजला पाहिजे, कारण दोघांनाही पाणी त्याच नाल्याचे आहे’ असे लिहिले, तर त्याने शब्दाचे दोन्ही अर्थ एका तराजूत घातले. त्याच्या शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने गावानेच बफर क्षेत्रातून मागे सरावे असे मत त्याच शब्दांत मांडले, तरी शब्दज्ञानाच्या दृष्टीने दोघांचे काम सारखेच मोलाचे आहे. मत कोणते आहे याला येथे गुण नसतात. शिक्षकाने हे काटेकोरपणे पाळले नाही, तर विद्यार्थी गुरुजींना आवडणारे मत लिहू लागतात आणि स्वसंदर्भाचा सारा लाभ तिथेच संपतो.

मतातून शब्द शिकण्याचे या प्रदेशातील सर्वांत भक्कम उदाहरण मात्र शाळेबाहेर, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात घडले. ग्रामनेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडल्या गेलेल्या या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात त्या विषयाची चर्चा होते, म्हणजे कायद्यातील शब्द वाचणे, त्याचा अर्थ लावणे आणि त्याविषयी प्रत्येकाने काही म्हणणे, या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत घडतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा ‘गौण वनोपज’ या एका शब्दाच्या अर्थावर गावाची मिळकत अवलंबून असल्याचे स्पष्ट झाले: नव्या कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपजांत मोडत होता, तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला वृक्षांत गणले होते, आणि वृक्ष म्हटले की तो तोडण्याचा व वाहून नेण्याचा अधिकार गावाकडे येत नव्हता. बांबू वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवताच्या कुळातला, ही शाळेत घोकली जाणारी माहिती येथे थेट पोटापाण्याचा युक्तिवाद झाली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ‘वाहतूक परवाना’ हा शब्द त्या गावात कोणाला पाठ करावा लागला असेल असे मानण्याचे कारण नाही.

त्याच गावाची ‘मावा नाटे मावा सरकार’, म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा भाषेच्या अंगाने पाहिली तर तिची रचना थक्क करणारी आहे. ‘मावा’ आणि ‘नाटे’ हे गोंडी शब्द आहेत, तर ‘सरकार’ हा फारसीतून मराठीत आणि तिथून वनप्रदेशात पोहोचलेला, शतकानुशतके बाहेरच्या सत्तेचा निदर्शक असलेला शब्द आहे. परका शब्द घेऊन, त्याच्याआधी स्वतःचे सर्वनाम लावून, त्याविषयी एक ठाम विधान करणे, इतके सारे या चार शब्दांत घडले आहे, आणि आपल्या मतासह शब्द आत्मसात करणे म्हणजे काय हे दाखवायला याहून नेमके वाक्य शोधून सापडणार नाही.

इतके असूनही मताचे एक वाक्य लिहिले की शब्द कायमचा आपला झाला, असा दावा शास्त्राला मान्य होणारा नाही. हुल्स्टाइन आणि लाउफर यांनी २००१ मध्ये नेदरलँड्स आणि इस्रायलमध्ये केलेल्या प्रयोगांत नवे शब्द वापरून स्वतंत्र लेखन करणारे विद्यार्थी पुढे होते, परंतु लेखनाला त्यांना वेळही अधिक मिळाला होता. २००४ मध्ये जो बारक्रॉफ्ट यांना तर असे आढळले की अगदी अनोळखी स्पॅनिश शब्द पहिल्यांदाच शिकताना वाक्यरचना करायला लावली तर शब्द कमी लक्षात राहतात, कारण मनाची मर्यादित शक्ती वाक्य जुळवण्यात खर्च होते आणि शब्दाचे रूप, म्हणजे त्याचा उच्चार आणि अक्षरे, नीट ठसतच नाहीत. २००६ मध्ये कीथ फोल्स यांनी एका शब्दासाठी तीन वेळा गाळलेल्या जागा भरणे आणि एकदा स्वतःचे वाक्य लिहिणे यांची तुलना केली, तेव्हा तीन साध्या गाठीभेटींनी त्या एका भारदस्त गाठीवर स्पष्ट मात केली.

फोल्स यांचा हा निष्कर्ष वाचताना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मेरी व्हिटन कॅल्किन्स यांची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि ती व्हायलाच हवी, कारण शब्दस्मरणाच्या इतिहासात हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये मांडलेल्या विस्मरणाच्या आलेखाचे नाव सर्वत्र घेतले जाते आणि कॅल्किन्स यांचे क्वचितच. एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून स्वतःवर प्रयोग केले. कॅल्किन्स यांनी १८९० च्या दशकात दोन गोष्टींची जोडी दाखवून नंतर एकीवरून दुसरी आठवायला सांगण्याची पद्धत घडवली, आणि आज कार्डाच्या एका बाजूला शब्द व दुसऱ्या बाजूला अर्थ लिहून पाठांतर करणारा प्रत्येक विद्यार्थी नकळत तीच पद्धत वापरतो. त्यांनी ताजेपणा, ठसठशीतपणा आणि वारंवारता यांची एकमेकांशी झुंज लावून पाहिली, आणि वारंवारता सर्वांत प्रभावी ठरली. हार्वर्डमध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी लागणारे सारे काम पूर्ण केले, विल्यम जेम्स यांच्यासारख्या परीक्षकांनी त्यांची गुणवत्ता मान्य केली, आणि तरीही केवळ त्या स्त्री आहेत म्हणून विद्यापीठाने पदवी नाकारली. १९०२ मध्ये स्त्रियांसाठीच्या रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी देऊ केली गेली तेव्हा ती घेण्यास त्यांनी नकार दिला, आणि १९०५ मध्ये अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. वाक्य कितीही ठसठशीत असले तरी पुनरावृत्तीवाचून ते पुरे पडत नाही, हे फोल्स यांच्या शंभरएक वर्षे आधी त्यांच्या तक्त्यांत दिसले होते.

म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. नवा शब्द आधी काही वेळा ऐकला, उच्चारला आणि फळ्यावर पाहिला जावा. मताचे वाक्य त्यानंतर यावे, आणि तेही गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाने प्रथम स्वतःच्या भाषेत बोलून, कारण मत बनवणे आणि परक्या भाषेत वाक्य जुळवणे ही दोन ओझी एकाच वेळी दिली तर बारक्रॉफ्ट यांना दिसलेली अडचण दुप्पट होते. माडिया मुलांसाठी हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू केली, आणि धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा ग्रामसभेच्या पुढाकाराने सुरू झाली. घरची भाषा ही मराठीच्या वाटेतील धोंड आहे, हा समज अशा ठिकाणी तपासून पाहता येतो. मताचे वाक्य एकदा लिहून झाल्यावर तोच शब्द, वही न उघडता, आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने मताच्या वाक्यात मागावा. जुलैमध्ये पऱ्हे उपटून रोवणा सुरू असताना ‘जलसंधारण’ या शब्दाने बोडीच्या गाळाविषयी मांडलेले मत ऑक्टोबरमध्ये धान निसवल्यावर तसेच राहील असे नाही; पाऊस वेळेवर न आल्यास विद्यार्थी आपले आधीचे वाक्य खोडेल, नवे कारण शोधेल, आणि ते लिहिण्यासाठी शब्द त्याला पुन्हा आठवावा लागेल.