टर्कीचे पाकीट : दुकानात ठेवण्यापूर्वी मागची बाजू वाचा

शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारात मटण-चिकनचे दुकान चालविणाऱ्या कोणत्याही भावाला हा प्रश्न नवा नाही. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक एक दिवस येते आणि म्हणते, "डॉक्टरांनी मटण कमी करायला सांगितलंय, काही हलकं आहे का?" घराघरात मधुमेह व रक्तदाब शिरल्यापासून असे गिऱ्हाईक वाढले आहे. दुसरीकडे मुंबई-ठाण्याच्या बाजारातून बंद पाकिटातील टर्कीचा माल पुढे येत आहे. टर्कीचे तुकडे, खिमा, सॉसेज, सलामी, "टर्की हॅम" असे प्रकार त्यात असतात आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत आरोग्याची भाषा असते. २०२३ साली अमेरिकेशी झालेल्या समझोत्यात भारताने गोठवलेल्या टर्कीवरील आयात शुल्क कमी करण्याचे मान्य केले. म्हणजे हा माल पुढेही येत राहणार.

आपल्या समाजातील मांस व्यापाऱ्यांना नव्या मालाची गरज आहे, हेही खरे. २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आल्यानंतर अनेक कुटुंबांचा पिढीजात धंदा बसला आणि पुष्कळ जण कोंबडीकडे वळले. कोंबडीचाही भरवसा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिसरातील सुमारे २५ हजार कोंबड्या नष्ट करण्याचे आदेश निघाले. अशा वेळी टर्कीसारखा नवा माल डोळ्यात भरतो. पण त्यात पैसे घालण्यापूर्वी तीन गोष्टी तपासायला हव्यात : तो खरोखर आरोग्याला चांगला आहे काय, तो निःशंक हलाल आहे काय, आणि आपल्या गावात तो टिकवून विकता येईल काय.

पक्षी ओळखीचा, नाव परके

टर्की हा मूळचा अमेरिकेतला पक्षी. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्क त्याला "हिंदी" म्हणतात, पोर्तुगीज "पेरू" म्हणतात आणि उर्दूत तो "फील मुर्ग", म्हणजे हत्तीएवढा मुर्गा, झाला. आपल्या मुलखात तो चारशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. १६१२ साली मुकर्रब खानाने गोव्याहून आणलेले नवलाईचे पशुपक्षी बादशहा जहांगीरला पेश केले, त्यात टर्की होता. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

हा पक्षी कोंबडीच्याच कुळातला. दाणे, पाला व किडे खातो. पंजाने शिकार करणाऱ्या पक्ष्यांत तो मोडत नाही. म्हणून तो हलाल पक्ष्यांत गणला जातो आणि अनेक मुस्लिम देशांत खाल्ला जातो. प्रश्न पक्ष्याचा नसून तो जबह कसा झाला आणि पाकिटात त्याच्यासोबत आणखी काय गेले, हा आहे.

आरोग्याचा हिशेब

टर्कीच्या छातीच्या कातडी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि दीड ग्रॅम चरबी असते. हे उत्तम आहे यात शंका नाही. पण आपल्या फळीवरच्या मालाशी तुलना करून पाहा. कोंबडीच्या कातडी काढलेल्या छातीत चरबी अडीच ग्रॅमच्या आसपास असते. बोकडाच्या चरबी काढलेल्या मांसातही ती सव्वादोन-अडीच ग्रॅमच भरते आणि म्हशीच्या चरबीविरहित मांसात तर टर्कीइतकीच. म्हणजे निव्वळ चरबीच्या हिशेबाने टर्की इतरांच्या फार पुढे नाही. मटण जड होते ते बहुधा सोबत घातलेल्या चरबीने, कलेजी-गुर्द्याने आणि रश्श्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या तवंगाने.

एक फरक मात्र आहे. बोकड, मेंढी, गाय, म्हैस यांचे मांस "लाल मांस" समजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये लाल मांस हे "बहुधा कर्करोगास कारण" या वर्गात ठेवले. कोंबडी व टर्कीचे ताजे मांस त्यात येत नाही. म्हणून रोज लाल मांस खाणाऱ्याने आठवड्यातील काही दिवस कोंबडी किंवा टर्की खाल्ली, तर ते शहाणपणाचेच आहे.

परंतु त्याच संस्थेने त्याच वेळी दुसरी गोष्टही सांगितली, आणि पाकीट विकणारा नेमकी तीच सांगत नाही. खारवलेले, धुरावलेले किंवा टिकाऊ रसायने घातलेले "प्रक्रिया केलेले मांस" तिने पहिल्याच वर्गात, म्हणजे कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून, ठेवले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. असे मांस मुख्यतः डुकराचे व गाईचे असते. परंतु त्यात पक्ष्यांचे मांसही असू शकते, असे तिने नमूद केले आहे. तेव्हा सलामी, सॉसेज किंवा हॅम टर्कीचे आहे एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही.

मिठाचेही तसेच. टर्कीच्या साध्या कच्च्या मांसात १०० ग्रॅममागे शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम सोडियम असते. त्याच पक्ष्याच्या तयार कापांत ते ९०० ते १००० मिलिग्रॅमपर्यंत जाते. माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाने "हलके" म्हणून असे शंभर ग्रॅम खाल्ले, तर दिवसाच्या मिठाचा निम्मा वाटा तिथेच संपला. ज्याच्यासाठी आपण माल आणला, त्यालाच तो बाधला.

थोडक्यात, टर्कीचे साधे मांस चांगले. टर्कीचा हॅम, सलामी व सॉसेज आरोग्याच्या नावाने विकण्याजोगे नाहीत. मूत्रपिंडाचा विकार किंवा युरिक अॅसिडचा त्रास असलेल्यांनी कोणतेही मांस डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पाकीट कसे वाचावे

पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची असते, मागची बाजू कायद्याची. माल घेताना या गोष्टी पाहाव्यात :

१) घटक पदार्थ : यादीत फक्त "टर्की" असेल तर उत्तम. पाणी, मीठ, फॉस्फेट, स्टार्च अशी रांग असेल तर मांसात पाणी मुरवलेले आहे, आणि ते पाणी आपण मांसाच्या भावाने विकत घेत आहोत, असे समजावे. सोडियम नायट्राइट दिसले की तो प्रक्रिया केलेला माल.

२) मिठाचा हिशेब : सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ.

३) खिमा : तो कातडीसह दळलेला असू शकतो. मग चरबी छातीच्या मांसापेक्षा कितीतरी जास्त असते.

४) हलाल : नुसता शब्द छापलेला पुरेसा नाही. जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्टसारख्या संस्था प्रमाणपत्र देतात. ते कोणत्या संस्थेचे आहे आणि कोणत्या मुदतीपर्यंत आहे हे वितरकाकडून लेखी घ्यावे. जबह हाताने की यंत्राने, आधी विजेचा झटका दिला की नाही, याबाबत उलमांत मतभेद आहेत. आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना प्रमाणपत्र दाखवून विचारावे आणि गिऱ्हाईकालाही तेच सांगावे.

५) आवरण व जिलेटिन : सॉसेजचे आवरण जनावराच्या आतड्याचे असू शकते, आणि ते आतडे डुकराचेही असते. आतले मांस हलाल पक्ष्याचे असले तरी आवरणाची चौकशी स्वतंत्र करावी. "हॅम" व "बेकन" ही मुळात डुकराच्या मांसाची नावे. टर्कीच्या मालावर ती फक्त प्रकार म्हणून छापतात, परंतु न जाणणारे गिऱ्हाईक दचकते. दुकानदाराला उत्तर देता आले पाहिजे.

६) परवाना : अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, मांसाहाराची खूण असलेला चौकटीतला तपकिरी त्रिकोण आणि वापराची अंतिम तारीख. यातले एकही नसेल तर माल परत करावा.

थंडावा हेच भांडवल

गोठवलेले मांस उणे १८ अंशांवर राहिले पाहिजे. मुंबईत हे सोपे, आपल्याकडे अवघड. शहापूरला माल आसनगाव स्टेशनवरून किंवा नाशिक महामार्गाने येईल. मुरबाडला कल्याणहून सडकेने. वाटेत थर्माकोलच्या पेटीत बर्फ भरपूर नसेल तर पाकीट दुकानात येण्यापूर्वीच सैल पडते. त्यात पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे.

याला एक साधा नियम आहे. पूर्ण भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता सुमारे ४८ तास थंडावा धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. म्हणून फ्रीझर रिकामा ठेवू नये, उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि वीज गेल्यावर झाकण उघडू नये. पूर्ण वितळून गरम झालेले पाकीट पुन्हा गोठवून विकणे हा गिऱ्हाईकाच्या जिवाशी खेळ आहे.

आता नुकसानीचा हिशेब करा. समजा, पाकिटाची खरेदी ५०० रुपये आणि त्यात ५० रुपये सुटतात. एक पाकीट फेकावे लागले, तर दहा पाकिटांचा नफा गेला. ज्या दुकानात विजेची सोय नाही, तिथे फ्रीझर भरून माल ठेवणे म्हणजे तोटा विकत घेणे होय. आरंभी ऑर्डर घेऊनच माल आणावा. शुक्रवारपर्यंत नावे लिहून घ्यावीत, थोडी आगाऊ रक्कम घ्यावी आणि रविवारी माल आणून त्याच दिवशी वाटावा. दोन-तीन महिने असे केल्यावर मागणी किती, हे वहीच सांगेल.

गिऱ्हाईकाला बनविण्याची रीतही सांगावी, नाहीतर ते दुसऱ्यांदा येणार नाही. छातीचे मांस कोरडे असते. लहान तुकडे करून दही, आले-लसूण व हिरव्या वाटणात मुरवावे आणि बेताच्या आचेवर शिजवावे, पण आत कच्चे ठेवू नये. तेलात बुडवून तळले, तर हलके मांस घेण्याचा हेतूच गेला.

गावात पाळता येईल काय?

या दोन्ही तालुक्यांत कोंबड्यांच्या शेड आहेत, म्हणून हा प्रश्न येतोच. बॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत विकायला येते. टर्कीला १४ ते २० आठवडे लागतात. म्हणजे भांडवल दुपटीहून अधिक काळ अडकते. टर्कीचे पिल्लू आरंभी स्वतः खायला शिकत नाही, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत उपासमारीने मर होते. शिवाय कोंबड्यांसोबत पाळल्यास "ब्लॅकहेड" हा रोग कोंबड्यांकडून टर्कीला लागतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास नसतो, टर्की मात्र मरते. तेव्हा शेड वेगळी आणि जमीनही वेगळी हवी. इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने व तामिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने टर्कीच्या जाती तयार केल्या आहेत. हौस असणाऱ्याने तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन १०-२० पक्ष्यांवर अनुभव घ्यावा. ताजे, डोळ्यांसमोर जबह केलेले मांस पाकिटापेक्षा केव्हाही सरस, आणि त्याला फ्रीझरही लागत नाही. जाळी, पिंजरे व खाद्यभांडी बनविणाऱ्या कारागिरांनाही त्यात काम आहे.

व्यापाऱ्याची खरी पुंजी

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जाताना एका धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आत ओल लागते. भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे ते त्या विक्रेत्याला विचारतात. सहीह मुस्लिममधील हा प्रसंग प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. आजच्या मालाची ओल पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत असते.

ज्या गिऱ्हाईकाने आपल्याला "हलके काही आहे का" म्हणून विचारले, त्याने आपल्यावर डॉक्टरइतकाच विश्वास टाकला आहे. टर्कीचे साधे मांस मिळाले, हलालची खात्री झाली आणि थंडावा राखता आला, तर ते जरूर विकावे. तसे नसेल तर कातडी काढलेली ताजी कोंबडी किंवा चरबी काढलेले मटण द्यावे आणि "तेल कमी घाला" एवढे सांगावे. त्यात पाकिटाइतका नफा सुटणार नाही. पण ते गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढेल, आणि बरकत तिथूनच येते.