पऱ्हाटी विकली, मग वावराला काय उरलं?

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हे लिहून टाकतोय. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोललो तसंच.

कापसाचा हंगाम संपला की विदर्भातल्या वावरात पऱ्हाट्या उभ्या असतात. त्या तशाच ठेवून चालत नाही. गुलाबी बोंडअळी वाळलेल्या बोंडांत दबा धरून बसते आणि पुढच्या वर्षीच्या पिकावर येते. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो, फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीपर्यंत पीक काढून टाका. मग पऱ्हाट्या उपटायच्या, थोड्या चुलीसाठी रचून ठेवायच्या आणि उरलेल्या धुऱ्यावर पेटवून द्यायच्या. आता त्यात आणखी एक रस्ता आलाय, तो म्हणजे विकणं. त्यांचा भुसा दाबून ब्रिकेट बनतात (आपल्याकडे त्याला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात) आणि त्या कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतात. शिवाय २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत ५ टक्के बायोमास जाळायला सांगितलं. म्हणजे गिऱ्हाईक वाढणारच.

दगडी कोळशाऐवजी शेतातला ‘कचरा’ जाळला, ऐकायला भारीच वाटतं. पण हा कचरा नाहीये ना! पऱ्हाटीसोबत वावरातला पालाश जातो, स्फुरद जातो, आणि मातीत जाऊ शकला असता तो कर्बही जातो. बॉयलरमध्ये उरलेली राख काही कोणी आपल्या वावरात आणून टाकत नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, तर एक छोटा हिशोब करू. सोयीसाठी १ टन वाळलेली पऱ्हाटी धरा. त्यात साधारण ४५० किलो कर्ब असतो. सगळी बॉयलरला दिली तर मातीला मिळाले शून्य. श्रेडरने बारीक करून मातीत गाडली तर जिवाणू ती खातात आणि बहुतेक कर्ब हवेत परत जातो. पाच-दहा वर्षांनी १० ते २० टक्के उरतो, म्हणजे ४५ ते ९० किलो.

आता तिसरा पर्याय. तीच पऱ्हाटी बंद भट्टीत, हवा जवळजवळ न देता, ४०० ते ६०० अंशांपर्यंत तापवायची. याला पायरॉलिसिस म्हणतात. त्यातून जळणारा वायू निघतो, त्याची उष्णता वापरता येते. मागे उरतो सुमारे ३०० किलो कोळसा, त्यात साधारण २०० किलो कर्ब. हाच बायोचार. हा कर्ब जिवाणूंना सहज पचत नाही, त्यातला मोठा भाग शेकडो वर्षं मातीत टिकतो. गाडलेली पऱ्हाटी म्हणजे चालू खातं, बायोचार म्हणजे एफडी.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात मक्याचा कडबा इंधनासाठी उचलायची चर्चा जोरात होती, तेव्हा डेव्हिड लेअर्ड या मृदा शास्त्रज्ञाने २००८ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: कडब्यातून ऊर्जा घ्या, पण कोळसा शेताला परत द्या. पेच असा आहे की पऱ्हाटीतली जवळपास अर्धी ऊर्जा त्या कोळशातच राहते. म्हणजे ऊर्जा विकणाऱ्याला अर्ध्या मालावर पाणी सोडावं लागतं. तो ते फुकट का करेल?

बायोचारची जाहिरात करणारे काही गोष्टी हळूच गाळतात, त्याही सांगतो. पहिलं म्हणजे भट्टीत पालाश आणि स्फुरद बरेचसे टिकतात, पण नत्राचा मोठा भाग उडून जातो. दुसरं, एफडीवर घर चालत नाही. गांडुळांना आणि जिवाणूंना रोजचं खाणं लागतं, ते कोळसा देत नाही. पावसाच्या माऱ्यापासून माती झाकायचं काम पण त्याला जमत नाही. म्हणून सोयाबीनचं कुटार भट्टीत घालणं मला पटत नाही. ते जनावरांना द्या, शेणखत बनून परत येईल. पऱ्हाटीचं वेगळं आहे. ती लाकडासारखी, कुजायला हट्टी, आणि कापसाची पानं बरीचशी आधीच वावरात गळलेली असतात.

मातीचं पण बघा. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात उष्ण कटिबंधात बायोचारने उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं, थंड प्रदेशात जवळपास काहीच नाही. पण हा फायदा मुख्यतः आम्लधर्मी, कस गेलेल्या मातीतला आहे. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे कोकणातल्या जांभ्या मातीला तो मानवू शकतो. विदर्भातल्या काळ्या मातीचा सामू आधीच ८ च्या आसपास असतो. तिथे तो २५ चा आकडा कोणी ऐकवला तर सरळ विसरा. तिथे कर्ब टिकवणं आणि पालाश परत देणं, एवढ्यासाठीच त्याकडे बघा.

आणि कोरडा बायोचार थेट फेकू नका, तो सुरुवातीला मातीतला नत्र स्वतःकडे ओढू शकतो. बारीक करून शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळा, काही आठवडे ओलसर मुरू द्या, मग टाका. खड्ड्यात वरून पेटवून, पाण्याने विझवूनही बायोचार बनतो. उष्णता वाया जाते, पण धुऱ्यावर राख करण्यापेक्षा ते बरं.

मग अर्ध्या ऊर्जेचे पैसे कोण देणार? सध्या एक उत्तर कार्बन क्रेडिट. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत बायोचारची १ लाख टनांची क्रेडिट घ्यायचा करार केला. आपल्या त्या २०० किलो कर्बाचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये हिशोब केला तर साधारण पाऊण टन भरतो. म्हणून गावात कोणी पऱ्हाट्या न्यायला आलं तर टनाचा भाव विचाराच, पण सोबत हेही विचारा: कोळसा बनणार आहे की सगळं जळणार? बनणार असेल तर तो माझ्या वावरात येणार की दुसऱ्याच्या? क्रेडिटच्या पैशात माझा वाटा किती, आणि तो कागदावर आहे का?

तुमच्याकडे असं कोणी येऊन गेलं असेल तर काय भाव दिला, काय अटी घातल्या, व्हॉईस नोट टाका. पुढच्या एपिसोडमध्ये उसाच्या पाचटावर बोलू.