स्मार्टफोन, टॅबलेट व मोबाइल ॲप यांची ग्राहकदृष्ट्या निवड : आरे कॉलनीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

गोरेगाव पूर्वेकडील आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली. मुंबई शहरातील गोठे उपनगरात हलविणे आणि शहराला शुद्ध दूध पुरविणे हा तिचा हेतू होता. आज या वसाहतीत म्हशींच्या तबेल्यांची युनिटे, शासकीय निवासस्थाने, रॉयल पाम्ससारखी उच्चभ्रू गृहसंकुले आणि केलटीपाडा, खांबाचा पाडा, जिवाचा पाडा, वनीचा पाडा असे सत्तावीसच्या आसपास आदिवासी पाडे एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत. एकाच पिनकोडच्या परिसरात राहणाऱ्या दोन कुटुंबांच्या मोबाइलविषयक गरजा किती भिन्न असू शकतात, हे समजून घेण्यासाठी आरेइतके बोलके क्षेत्र मुंबईत क्वचितच आढळेल.

वृत्तपत्रांतून व जाहिरातींतून मोबाइल खरेदीविषयी जो सल्ला दिला जातो, तो बहुतांशी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, प्रोसेसरचा वेग आणि किंमत यांभोवती फिरतो. तो वापरस्थळाचा विचार करीत नाही. प्रस्तुत लेखात वापरस्थळ, वापरकर्ता आणि भाषा या तीन अंगांनी निवडीचा विचार केला आहे. आपण अध्यापक विद्यार्थ्यांना अमुक ॲप घ्या, तमुक दुव्यावर प्रपत्र भरा, असे सहज सांगतो. तेव्हा त्यांच्या घरच्या खरेदीचा एक निर्णय आपणही घेत असतो. म्हणून हा विषय केवळ वाणिज्य विभागाचा नाही.

निवड कोणाची, वापर कोणाचा?

ग्राहकशास्त्रात खरेदीदार आणि उपभोक्ता यांत भेद केला जातो. मोबाइल संचाच्या बाबतीत हा भेद महाराष्ट्राने प्रत्यक्ष अनुभवला आहे. राज्यातील अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास शासनाकडून स्मार्टफोन देण्यात आले. बालकांची उंची, वजन, आहारवाटप यांची नोंद कागदी वहीऐवजी फोनवर व्हावी, हा उद्देश स्तुत्यच होता. परंतु संचाची रॅम अवघी २ जीबी होती. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाचे 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले, तेव्हा हे संच त्याचा भार पेलेनासे झाले. ते तापत, मध्येच बंद पडत. हमीचा काळ संपल्याने दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी आला. शिवाय ॲपची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले आणि पुढे हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

या घटनेकडे केवळ प्रशासकीय त्रुटी म्हणून पाहणे अपुरे ठरेल. येथे संच प्रथम घेतला गेला आणि त्यावर चालवावयाचे ॲप नंतर आले. वास्तविक क्रम उलटा असावयास हवा. कोणते काम करावयाचे, त्यासाठी कोणते ॲप लागते, त्या ॲपला किती स्मृती व कोणती कार्यप्रणाली लागते, आणि मग संच. घरगुती ग्राहकही नेमकी हीच चूक करतो, फक्त त्याची बातमी होत नाही.

आरेच्या शेजारच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा 'आकाश' टॅबलेटशी आलेला संबंध येथे आठवतो. ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे ५० डॉलर किमतीत प्रथम सादर झालेल्या आकाशचा पडदा दाब ओळखणाऱ्या जुन्या प्रकारचा, प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा व रॅम २५६ एमबी होती. त्याच्या संथपणाबद्दल व पडद्याबद्दल टीका झाल्यावर प्रकल्पाची धुरा पवईच्या संस्थेकडे आली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि बोटाचा हलका स्पर्श ओळखणारा पडदा घेऊन दुसरी आवृत्ती सादर झाली. 'जगातील सर्वांत स्वस्त' हे विशेषण उत्पादनाच्या बातमीला शोभते. वापरणाऱ्याला पडद्यावर बोट तीनदा दाबावे लागत असेल, तर ते त्याच्या कामाचे नाही.

वापरस्थळाचा विचार : संकेत, पाणी, वीज

आरेचा भूप्रदेश उंचसखल व दाट झाडीचा आहे. रेडिओ लहरींच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी अडथळ्याच्या आहेत. कमी कंप्रतेच्या लहरी (७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ) झाडी व भिंती यांतून तुलनेने दूरवर पोहोचतात; ३३०० मेगाहर्ट्झसारख्या उच्च कंप्रतेच्या लहरी वेग अधिक देतात, पण त्यांचा पल्ला कमी. मुंबईत ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, म्हणून खोक्यावर '५जी' असे छापलेला प्रत्येक संच प्रत्येक पाड्यावर सारखाच चालेल, असे नव्हे. संचाच्या तपशीलपत्रकात 'बँड' या शीर्षकाखाली असलेली आकड्यांची ओळ बहुतेक ग्राहक वाचत नाहीत. माझ्या मते आरेसारख्या परिसरात तीच सर्वांत आधी वाचावी. आपली सेवा देणारी कंपनी वापरीत असलेला कमी कंप्रतेचा बँड संचात नसेल, तर उरलेली सारी वैशिष्ट्ये शोभेची ठरतात.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या सेवा-दर्जाविषयक विनियमांनुसार सेवादात्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. ते अवश्य पाहावेत, पण त्यावर विसंबू नये. शेजाऱ्याच्या फोनमध्ये ज्या कंपनीचे सिम आहे, तो फोन घेऊन आपल्या घराच्या आतल्या खोलीत उभे राहून एक कॉल करून पाहणे, ही चाचणी अधिक विश्वासार्ह व विनामूल्य आहे.

पावसाळ्याचा मुद्दा स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. 'आयपी' या अक्षरांपुढील पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. 'आयपी६७' म्हणजे एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात तीस मिनिटांपर्यंत तग धरण्याची प्रयोगशाळेतील चाचणी. असे असूनही, पाण्यामुळे झालेली हानी बहुतेक कंपन्या हमीत धरीत नाहीत. जाहिरातीत फोन पाण्यात बुडविलेला दाखवावयाचा आणि हमीपत्रात पाणी वगळावयाचे, ही विसंगती ग्राहकाने खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावी. वीजपुरवठा खंडित होणाऱ्या घरासाठी बॅटरीची क्षमता पाहावी, तसेच ती अधिकृत केंद्रात बदलून मिळते काय व किती रुपयांत, हेही विचारावे. लिथियम-आयन बॅटरी काही शेकडा आवर्तनांनंतर क्षीण होतेच.

टॅबलेटविषयी थोडेसे

बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून टॅब दिले. पुढे २०२०-२१ मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि 'घरात एकच फोन, मुले तीन' ही स्थिती अनेक वस्त्यांत उघड झाली. त्यानंतर पुष्कळ पालकांनी टॅबलेट घेण्याचा विचार केला, पण एक भेद दुकानात सांगितला गेला नाही. केवळ वाय-फायवर चालणारा टॅबलेट स्वस्त असतो आणि सिमसह चालणारा महाग. ज्या घरी ब्रॉडबँड जोडणी नाही, तेथे वाय-फायचा टॅबलेट वडिलांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालतो. वडील सकाळी तबेल्यावर किंवा रिक्षा घेऊन बाहेर पडले, की टॅबलेटही मुका होतो. चार पैसे वाचविल्याचे समाधान पहिल्या दिवशीच संपते. पाठ्यपुस्तके व व्हिडिओ साठवून वाचणे एवढाच उपयोग असेल, तर मात्र वाय-फायचा टॅबलेट पुरेसा आहे. मग मेमरी कार्डाची सोय असणे अधिक महत्त्वाचे.

विक्रेता सांगत असलेली 'आभासी रॅम' ही साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली असते व ती मूळ रॅमपेक्षा पुष्कळ मंद असते. ४ अधिक ४ म्हणजे ८, हे गणित येथे लागू नाही.

भाषेचा निकष

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या मानकानुसार फोनमध्ये २२ भारतीय भाषांतील मजकूर वाचता येणे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत टंकलेखनाची सोय असणे अपेक्षित आहे. ही तरतूद २०१६ साली अधिसूचित झाली. तिचा अर्थ एवढाच, की संच मराठी दाखवील. ॲप मराठीत असेल याची हमी ती देत नाही. 'पोषण ट्रॅकर'च्या प्रकरणाने हेच सिद्ध केले. ॲप निवडताना ते प्रत्यक्ष उघडून मराठी कोठपर्यंत आहे, हे पाहावे. अनेक ॲपांत पहिला पडदा मराठीत असतो आणि पैसे भरण्याचा, तक्रार नोंदविण्याचा वा रद्द करण्याचा पडदा इंग्रजीत. नेमके जेथे समजणे आवश्यक, तेथेच भाषा साथ सोडते. पाड्यांतील वारली वृद्धांच्या दृष्टीने तर प्रमाण मराठी हीसुद्धा दुसरी भाषा आहे, हेही विसरता कामा नये. अशा व्यक्तीला स्मार्टफोन हवाच असे नाही. साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे पाठविता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' ही सेवा सुरू केली आहे.

ॲपची निवड

ॲप बहुधा फुकट मिळते, म्हणून त्याच्या निवडीत ग्राहक संचाइतकी काळजी घेत नाही. ॲप मागत असलेल्या परवानग्यांकडे पाहिले असता त्याची खरी किंमत कळते. विजेरीच्या ॲपला संपर्कयादी कशासाठी हवी, हा प्रश्न वर्गात विचारला की विद्यार्थी हसतात. कर्ज देणाऱ्या ॲपने संपर्कयादी मागितली, तर मात्र हसण्यासारखे काही नसते. वसुलीच्या वेळी त्याच यादीतील नातेवाइकांना फोन केले जाण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा ॲपांना फोनमधील संपर्कयादी, छायाचित्रे, कॉलनोंदी पाहण्यास मनाई केली. २०२५ पासून नियंत्रित संस्थांशी संलग्न कर्ज-ॲपांची सूचीही बँकेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे. त्या सूचीत नाव नसलेल्या ॲपकडून पाच हजार रुपयेदेखील घेऊ नयेत, असे विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगणे आपले काम आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसविणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार निर्दिष्ट केले. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू टाकणे, सदस्यत्व घेणे सोपे व सोडणे अवघड करणे हे त्यांपैकी काही होत. ॲप ठेवण्याआधी ते सोडण्याची वाट कोठे आहे, हे शोधून पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येईल.

खरेदी व त्यानंतर

आपल्याकडे 'पाण्यात म्हैस आणि वर मोल' अशी म्हण आहे. तबेल्यांच्या वसाहतीत तिचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ऑनलाइन खरेदीला ती तंतोतंत लागू पडते. म्हणून संच हाती येताच काही पडताळण्या कराव्यात. *#०६# दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक खोक्यावरील व बिलावरील क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुना फोन घेताना तर ही पडताळणी अनिवार्य समजावी. चोरीचे फोन रोखणारी केंद्रीय नोंदवही सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतूनच प्रथम सुरू झाली आणि २०२३ पासून 'संचार साथी' या संकेतस्थळावरून कोणालाही तो क्रमांक तपासता येतो.

'शून्य व्याजाचा' हप्ता हा मुद्दा अध्यापकांनाही चकवितो. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या परिपत्रकात बजावले आहे. रोख खरेदीवर मिळू शकणारी सवलत हप्तेवाल्याला मिळत नाही, प्रक्रिया शुल्क वेगळे; व्याज तेथे दडलेले असते. दोन्ही पद्धतींत खिशातून एकूण किती जाते, याची बेरीज कागदावर करावी.

संच किती वर्षे सुरक्षा अद्यतने मिळवील, हा प्रश्न दुकानदाराला क्वचित विचारला जातो. काही कंपन्यांनी २०२३-२४ पासून आपल्या महागड्या संचांसाठी सात वर्षांची ग्वाही दिली आहे. स्वस्त संचांत ती पुष्कळदा दोन-तीन वर्षांपुरती असते. युरोपीय संघात जून २०२५ पासून विक्री बंद झाल्यानंतरही किमान पाच वर्षे अद्यतने व सात वर्षे सुटे भाग देणे बंधनकारक झाले आहे. भारतात दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाची शिफारस करणारा समितीचा अहवाल २०२५ मध्ये सादर झाला. तो निर्देशांक खोक्यावर छापला जाईपर्यंत हा प्रश्न ग्राहकानेच विचारावा लागेल.

तक्रारीची वेळ आल्यास प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेता बंगळूरला असो वा गुरुग्रामला, आरेतील ग्राहकाला वांद्रे येथील उपनगर जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूसाठी शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. गुढीपाडवा १९७५ पासून कार्यरत असलेली मुंबई ग्राहक पंचायत अशा प्रकरणी मार्गदर्शन करते. या सर्वांसाठी बिल मात्र हवे, आणि त्यावर आयएमईआय क्रमांक व ग्राहकाचे स्वतःचे नाव असावे. उष्णतेने उमटवलेली अक्षरे वर्षभरात पुसट होतात, म्हणून बिलाचे छायाचित्र काढून ते त्या फोनव्यतिरिक्त दुसऱ्या ठिकाणी ठेवावे.