दहा बारची वाफ एक बारवर येते तेव्हा

हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या कंपन्यांच्या पत्त्यात ‘आयटी-बीटी पार्क’ असं लिहितात. वाकडच्या पुलाखाली गाडी अडकलेल्या माणसाला त्यातलं आयटी तेवढं दिसतं. पण बीटी, म्हणजे बायोटेक्नॉलॉजीही, तिथे आहे. एम्क्युअर आणि जेनोव्हा या औषध कंपन्या तिथल्याच. भारतात विकसित झालेल्या पहिल्या एमआरएनए लशीला, म्हणजे जेनोव्हाच्या लशीला, जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तंत्र इतकं नवं, पण असल्या कुठल्याही उद्योगात भांडी, नळ्या, कपडे निर्जंतुक करायचे तर आजही पहिला भरवसा वाफेचाच: १२१ अंश सेल्सिअस, पंधरा मिनिटं. घरच्या कुकरमध्ये डाळ शिजते तीही साधारण याच तापमानाला.

कारखान्याचा बॉयलर मात्र याहून कितीतरी जोरात वाफ देतो. समजा गेजवर दहा बार दाब, तर वाफ १८४ अंशांची. ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या बंद पेटीला, हवी एक बारच्या जरा वरची. (औषधाला स्पर्श करणारी शुद्ध वाफ वेगळ्या जनरेटरमध्ये बनवतात, पण त्याला उष्णता पुरवते ती बॉयलरचीच वाफ.) मग आधीच कमी दाबाची वाफ का करू नये? कारण ती जागा फार खाते. दहा बारला एक किलो वाफ १७७ लिटरमध्ये मावते, एक बारला तिलाच ८८१ लिटर लागतात. एवढी फुगलेली वाफ बॉयलर हाउसपासून न्यायची तर पाइप अवाढव्य लागतील, आणि त्यांच्या अंगावरून उष्णताही तितकीच जाईल. म्हणून वाफ दाबून आणायची आणि जिथे वापरायची तिथे उतरवायची. हे काम करतो प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, फिटरच्या तोंडी पीआरव्ही.

त्याला ना वायर ना वीज. वर स्प्रिंग, खाली धातूचा पातळ पडदा. स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडायला बघते, पुढच्या पाइपातला दाब पडद्याला ढकलून तो मिटायला बघतो. पुढे वाफ जास्त ओढली गेली की दाब पडतो, स्प्रिंग जिंकते, वाट रुंदावते. ओढ थांबली की उलट. दिवसभर ही रस्सीखेच चालू राहते आणि दाबाचा काटा जागचा फारसा हलत नाही.

दाब उतरवला म्हणजे ऊर्जा वाया गेली, असं वाटणं साहजिक आहे. पण अरुंद फटीतून जाताना वाफ कुणाला ढकलत नाही, चाक फिरवत नाही, म्हणून तिची एकूण उष्णता तशीच राहते. दहा बारच्या कोरड्या वाफेत किलोमागे २७८१ किलोज्यूल असतात, एक बारला कोरडं राहायला २७०६ पुरतात. उरलेले ७५ जाणार कुठे? वाफेबरोबर दोन टक्के पाण्याचे थेंब आले असतील तर त्यातले चाळीसेक ते थेंब उकळण्यात खर्च होतात, बाकीचे वाफेलाच आणखी तापवतात. ओली वाफ फटीत शिरते आणि पलीकडे कोरडी होऊन निघते! मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

निर्जंतुकीकरणाला मात्र हा कोरडेपणा बेताचाच चालतो. वाफ जंतू मारते ती थंड पृष्ठभागावर पाणी होऊन, आपली सुप्त उष्णता तिथे सोडून. जास्त तापलेली वाफ लवकर पाणी होत नाही, ती नुसत्या गरम हवेसारखी वागते, आणि गरम हवेने तेच काम करायला १६० अंशांवर दोन तास लागतात. म्हणून मोठी उतरण ऑटोक्लेव्हच्या तोंडाशी एका झटक्यात घेत नाहीत. दोन पायऱ्या करतात, मध्ये पाइपाचं अंतर ठेवतात.

आता बसवण्याची गोष्ट. पीआरव्हीवरचा बाण वाफेच्या दिशेने, हे झालंच. पण खरी कसोटी त्याच्या शेजाऱ्यांची. आधी मॉइश्चर सेपरेटर आणि त्याच्या खाली पाणी काढून टाकणारा ट्रॅप, कारण पाइपात साचलेलं पाणी वाफेबरोबर सेकंदाला पंचवीस-तीस मीटरने धावलं तर ते हातोडा होऊन वळणावर आदळतं. मग स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, आणि तो आडवा झोपवून. पाण्याच्या लाइनसारखा पोट खाली करून लावला, तर त्या पोटातच पाणी साचतं आणि पुढच्या झोताबरोबर व्हॉल्व्हवर जातं. नव्या लाइनमध्ये वेल्डिंगची खपली असते, चुरा असतो. पीआरव्ही लावण्याआधी लाइन वाफेने झाडून घ्यायची, कारण सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, एक कण अडकला तरी व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. पुढचा पाइप रुंद घ्यायचा, व्हॉल्व्ह मात्र पाइपाच्या मापाने निवडायचा नाही, वाफेच्या खपाने निवडायचा. मोठा घेतला तर तो कायम जेमतेम उघडा राहतो, फडफडतो, आणि त्या बारीक फटीतून सुटलेली वाफ सीटवर चर कोरते.

यापुढे येतो सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याचं माप काढताना पीआरव्ही पूर्ण उघडा अडकलाय असंच धरायचं. पीआरव्हीमधून येऊ शकेल तेवढी सगळी वाफ सेफ्टी व्हॉल्व्हने बाहेर सोडली पाहिजे. पीआरव्हीला वळसा घालणारा बायपास असेल तर त्यातून येणारीही मोजायची. सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप माणसांच्या वावरापासून दूर, उघड्यावर काढायचा, आणि तळाशी पाणी निथळायला वाट ठेवायची.

या कडकपणामागे इतिहास आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, १८६४ मध्ये बंगालने कायदा केला, १९२३ मध्ये देशभराचा आला, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोपेक्षा जास्त दाबाची लाइन १९५० च्या नियमांत, म्हणजे ‘आयबीआर’मध्ये मोडते, म्हणजे पाइपापासून वेल्डरपर्यंत सगळं प्रमाणित लागतं. दाब तेवढा नसला तरी एक किलोच्या वर असला आणि आतला व्यास २५४ मिलिमीटरच्या वर गेला, की तीही त्यातच. म्हणजे पुढचा पाइप बेताचा असेल, तर पीआरव्हीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा हिशेब. सेफ्टी व्हॉल्व्ह चुकीचा असेल तर ही सीमा फक्त कागदावर उरते.

एक पुणेरी बारकावा राहिला. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास, आणि गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तेवढाच. मुंबईत १२१ अंशांसाठी काटा १.०४ वर पुरतो, हिंजवडीत तो १.१० वर न्यावा लागतो. मुंबईचाच आकडा इथे लावला तर तापमान एक अंशाने कमी राहतं, आणि तेवढ्या एका अंशाने चिवट बीजाणू मरण्याचा वेग पाचव्या हिश्शाने घटतो. म्हणूनच ऑटोक्लेव्हची वेळ सुरू करतो तो थर्मामीटर. दाबाचा काटा त्याच्याशी ताडून बघायला असतो, आणि दोघांचं जमलं नाही तर आत हवा अडकली असल्याचा संशय घेऊन ती फेरी बाद करतात.