देवासच्या चिटणिसाची कादंबरी, ब्लू-रे चकतीवर

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. त्यांची ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ मध्ये आली. डेव्हिड लीन यांनी त्यावर १९८४ मध्ये काढलेला चित्रपट आज ब्लू-रेवर मिळतो. धार-देवासच्या मराठी घरांनी तो तसाच पाहावा.

फरक डोळ्यांना कळतो. डीव्हीडीच्या चित्रात सुमारे ४ लाख बिंदू असतात, ब्लू-रेच्या चित्रात २० लाखांहून अधिक. त्यामुळे सुरुवातीच्या प्रसंगातला लंडनचा पाऊस आणि ओल्या छत्र्यांची गर्दी मोठ्या टीव्हीवरही फिसकटत नाही. मॉरिस जार यांच्या ऑस्करविजेत्या संगीतालाही चकतीवर ऐसपैस जागा मिळते.

ही किमया निळसर-जांभळ्या लेसरची. त्याची तरंगलांबी ४०५ नॅनोमीटर, डीव्हीडीच्या तांबड्या लेसरची ६५०. किरण बारीक, म्हणून खुणाही बारीक. एका थरात ४.७ ऐवजी २५ जीबी मावतात.

आणि इंटरनेट रखडले तरी चित्रपट थांबत नाही!

परदेशातल्या नातेवाइकांकडून चकती मागवताना मात्र विभाग तपासा: भारत ‘सी’ विभागात, अमेरिका ‘ए’, ब्रिटन ‘बी’. जुन्या डीव्हीडी बहुतेक ब्लू-रे प्लेअरवर चालतात, त्या टाकू नका.