बाग कुणाची, राखण कुणाची?

पूर्वी देवळाच्या दिवाबत्तीसाठी जमीन लावून देत. जमीन पिकायची, खंड यायचा, आणि तेल-वात, पुजारी, डागडुजी यांचा खर्च त्यातून निघायचा. ज्या देवळाला जमीन नव्हती, तिथे वर्गणी काढायची. वर्गणी आली तर दिवा, नाही आली तर अंधार.

ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्लंड देशातल्या काही शहरांनी आपल्या बागा धर्मादाय संस्थांकडे सांभाळायला दिल्या. त्याचे पुढे काय झाले, ते या गोष्टीवरून चटकन समजेल.

बागा आणि भाजीचे तुकडे

न्यूकॅसल हे इंग्लंडच्या उत्तरेकडचे शहर. टाइन नदीच्या काठी ते वसले आहे. आसपास कोळशाच्या खाणी आणि मोठमोठे कारखाने होते. घरे एकाला एक चिकटलेली, हवा धुराने कोंदलेली. माणसांना मोकळा श्वास घ्यायला जागा हवी, म्हणून १८७३ साली तिथे पहिली सार्वजनिक बाग उघडली. तिचे नाव लीझेस पार्क. पुढे १८८३ साली आर्मस्ट्राँग नावाच्या बड्या कारखानदाराने आपली झाडांनी भरलेली एक दरी शहराला देऊन टाकली. तिला जेसमंड डीन म्हणतात. अशा एकेक करून शहराच्या पुष्कळ बागा झाल्या. बागेत जायला पैसा पडत नाही. गरीब-श्रीमंत दोघेही एकाच बाकावर बसतात.

बागांच्या जोडीला आणखी एक सोय आहे. तिला तिकडे अलॉटमेंट म्हणतात. शहरातल्या माणसाला शेत कुठले? म्हणून नगरपालिका त्याला जमिनीचा लहानसा तुकडा वर्षाच्या भाड्याने देते. जुन्या मापाने एक तुकडा सुमारे अडीच गुंठ्यांचा. त्यात माणूस बटाटे, कांदे, कोबी लावतो आणि घरी खातो. दुसऱ्या महायुद्धात धान्य आणणारी जहाजे शत्रू बुडवीत होता. तेव्हा या तुकड्यांतल्या भाजीने घरोघर मोठा आधार दिला.

या तुकड्यांना कायद्याचा आधार आहे. लोकांना गरज असेल तर तुकडे पुरवावेत, असे १९०८ सालचा कायदा नगरपालिकेला सांगतो. खास याच कामासाठी घेतलेली जमीन सरकारच्या परवानगीवाचून विकता येत नाही, असे १९२५ सालच्या कायद्याने ठरवले.

पैसा आटला

बागेत गवत कापावे लागते. वाळलेली फांदी वेळीच उतरवावी लागते, नाहीतर कुणाच्या डोक्यात पडायची. माळी, पाणी, दिवे, झाडलोट, सगळ्याला पैसा लागतो.

२०१० सालानंतर इंग्लंडच्या सरकारने नगरपालिकांची अनुदाने बरीच कमी केली. म्हाताऱ्यांची आणि निराधार मुलांची काळजी घेणे नगरपालिकेला कायद्याने भाग आहे. बागा राखण्याची तशी सक्ती नाही. मग कात्री कुठे लागणार? बागांनाच. न्यूकॅसलमध्ये बागांवरचा खर्च थोड्याच वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाला. म्हणजे जिथे रुपया होता, तिथे दहा पैसेही उरले नाहीत.

संस्थेकडे कारभार

तेव्हा नगरपालिकेने एक वाट काढली. २०१९ साली तिने ३३ बागा आणि भाजीच्या तुकड्यांची साठांहून जास्त ठिकाणे एका नव्या धर्मादाय संस्थेकडे सोपवली. अर्बन ग्रीन न्यूकॅसल या नावाने ही संस्था काम करू लागली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जमीन विकली नाही. मालकी नगरपालिकेचीच राहिली. कारभार तेवढा लांब मुदतीच्या पट्ट्याने दिला. बागा आणि तुकडे आहेत तसेच लोकांसाठी राखायचे, अशी अट होती. पहिल्या दहा वर्षांत मिळून ९५ लाख पौंड नगरपालिका देणार होती. बाकीचा पैसा संस्थेने उभा करायचा होता. बागेतले उपाहारगृह, मेळावे, भाडी, देणग्या, असे तिचे मार्ग होते.

यात फायदा काय? धर्मादाय संस्थेला देणगी देताना लोक हात आखडत नाहीत. नगरपालिकेला कोण देणगी देतो? शिवाय बागेचा पैसा बागेलाच लागतो, दुसऱ्या खात्याकडे जात नाही.

पण लोकांच्या मनात शंकाही होत्या. तुकडा कसणारा म्हणे, भाडे वाढले तर मी काय करू? आजीबाई म्हणे, मेळाव्यासाठी बाग बंद ठेवली तर मी फिरायला कुठे जाऊ? आणि मोठी शंका ही की, नगरसेवक चुकला तर पुढच्या निवडणुकीत त्याला घरी बसवता येते. विश्वस्ताला मत देऊन काढता येत नाही. मग जाब कुणाला विचारायचा?

पुढे काय झाले?

२०२० साली करोनाची साथ आली. मेळावे बंद पडले, ते उत्पन्न बुडाले. मागून महागाई आली. मजुरी, सामान, सगळेच वाढले. उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ बसेना. शेवटी २०२४ साली बागा आणि तुकड्यांचा कारभार परत नगरपालिकेकडे नेण्याचे ठरले.

मग बागा संस्थेकडे देणे हेच चूक का? तसे नाही. इंग्लंडमध्येच मिल्टन कीन्स नावाचे नवे वसवलेले शहर आहे. तिथल्या बागा, तळी आणि वनराई १९९२ साली पार्क्स ट्रस्ट या संस्थेकडे दिल्या. पट्टा ९९९ वर्षांचा. पण नुसत्या बागा दिल्या नाहीत. जोडीला सुमारे २ कोटी पौंडांची मिळकत लावून दिली. त्या इमारतींचे भाडे येते आणि त्यातून बागा राखल्या जातात. आज ती संस्था सुमारे ६,००० एकर जमीन सांभाळते. तिच्या काही कुरणांत मेंढ्या आणि गुरेही चरतात.

दोन्हीकडे कामाला माणसे होती. फरक दिवाबत्तीचा. एका देवळाला जमीन लावून दिली होती, दुसऱ्याला बरीचशी वर्गणीवर सोडले होते.

आपण काय शिकायचे?

आपल्या गावातही तळे आहे, गायरान आहे, शाळेचे पटांगण आहे. उद्या कुणी म्हणेल, "हे आमच्या संस्थेकडे द्या, आम्ही सांभाळतो." लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. ग्रामसभेत उभे राहा आणि चार प्रश्न विचारा.

जमिनीची मालकी कुणाच्या नावावर राहणार?

दर साल खर्च किती, आणि तो कुठून भागणार?

गरिबाला आज जशी मोकळीक आहे, तशी उद्या राहणार का?

हिशेब कुणापुढे वाचणार, आणि काम जमले नाही तर जागा परत कशी मिळणार?

उत्तरे तोंडी घेऊ नका. कागदावर लिहून घ्या आणि स्वतः वाचून पाहा. आता आपल्याला वाचता येते. त्याचा उपयोग इथेच करायचा.